‘बाळाच्या किडनीला सूज आहे’ : वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरे

या महिन्यात आलेल्या पत्रांमध्ये एकाच विषयावरची पत्रे बरीच होती. गरोदरपणातल्या सोनोग्राफीत बाळाच्या एका किंवा दोन्ही मूत्रपिंडांना सौम्य सूज असल्याचे कळले आणि त्या दिवसापासून घरात कोणाला स्वस्थता नाही, असा बहुतेक पत्रांचा सूर आहे. म्हणून या वेळचे सदर पूर्णपणे याच विषयाला दिले आहे. पत्रे थोडक्यात घेतली असून पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : माझे वय २७ असून हे माझे पहिलेच बाळंतपण आहे. विसाव्या आठवड्यातल्या सोनोग्राफीत बाळाच्या डाव्या किडनीत ५.२ मिलिमीटर सूज असल्याचे रिपोर्टमध्ये लिहिले आहे. बाकी सर्व ठीक आहे, चार आठवड्यांनी पुन्हा पाहू, एवढेच डॉक्टरांनी सांगितले. घरी आल्यावर मी मोबाइलवर वाचत बसले आणि आता मला काहीच सुचत नाही. बाळाची किडनी निकामी होणार आहे का? (सातारा)

उत्तर : नाही. तुम्ही लिहिलेल्या मजकुरावरून तरी तसे मानायला काहीही आधार दिसत नाही. पण नुसता धीर देऊन तुमचे समाधान होणार नाही, याची मला कल्पना आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

आधी ‘सूज’ या शब्दाविषयी. सूज म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर लाल झालेला, ठणकणारा, पू धरलेला भाग येतो. बाळाच्या मूत्रपिंडात तसे काहीही झालेले नाही. मूत्रपिंडात तयार झालेली लघवी आधी नरसाळ्याच्या आकाराच्या एका पोकळीत गोळा होते आणि तेथून मूत्रवाहिनीच्या बारीक नळीतून मूत्राशयात उतरते. हे नरसाळे अपेक्षेपेक्षा थोडे रुंद दिसले, की रिपोर्टमध्ये ‘पायलेक्टॅसिस’ किंवा ‘माइल्ड हायड्रोनेफ्रोसिस’ असे लिहितात आणि बोलताना त्याची ‘किडनीला सूज’ होते. त्यात दाह नसतो, जंतुसंसर्ग नसतो, बाळाला वेदनाही नसतात. ओपीडीत मी हा शब्द शक्यतो टाळते आणि कागदावर नरसाळे काढून दाखवते, कारण ‘सूज’ हा शब्द एकदा कानावर पडला की पुढचे काहीच ऐकू जात नाही, असा अनेक वर्षांचा अनुभव आहे.

आता ५.२ या आकड्याकडे पाहू. सोनोग्राफी करणारे डॉक्टर बाळाच्या पोटाचा आडवा छेद पडद्यावर आणतात, नरसाळ्याच्या पुढच्या आणि मागच्या कडेवर अधिकच्या चिन्हासारख्या दोन छोट्या खुणा ठेवतात आणि यंत्र त्यांच्यातले अंतर सांगते. पाच मिलिमीटर म्हणजे साधारण तुरीच्या दाण्याएवढी जागा. खूण केसभर इकडेतिकडे झाली, बाळाने पाठ फिरवली किंवा त्याच वेळी त्याचे मूत्राशय भरलेले असले, तरी हा आकडा थोडा बदलतो. गर्भातल्या बाळाचे मूत्राशय थोड्या थोड्या वेळाने भरत आणि रिकामे होत असते, त्यामुळे तासाभराने केलेल्या मोजणीत ५.२ चे ४.६ झाले तर कोणी चुकले असे समजू नये.

हा आकडा नेहमी आठवड्यासोबत वाचायचा असतो. अठ्ठाविसाव्या आठवड्यापूर्वी ४ मिलिमीटरपेक्षा कमी आणि त्यानंतर ७ मिलिमीटरपेक्षा कमी रुंदी ही सर्वसामान्य मानली जाते. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या अनेक वैद्यकीय संघटनांनी मिळून ठरवलेल्या वर्गवारीनुसार, अठ्ठाविसाव्या आठवड्यापूर्वी ४ ते ७ आणि त्यानंतर ७ ते १० मिलिमीटर रुंदी असेल व बाकी सर्व चांगले असेल, तर ते बाळ कमी जोखमीच्या गटात मोडते. तुमचे बाळ या गटात आहे. हेच ५.२ मिलिमीटर चौतिसाव्या आठवड्यात दिसले असते, तर कोणी त्याची नोंदही घेतली नसती.

असे का होते, याचे उत्तर बहुतेक वेळा बाळाच्या वाढीतच असते. वजनाच्या मानाने गर्भातले बाळ जन्मलेल्या बाळापेक्षा कितीतरी अधिक लघवी तयार करते, आणि नरसाळे जेथे मूत्रवाहिनीला जोडले जाते तो भाग अजून पुरता परिपक्व झालेला नसतो. पाणी जोरात येत असेल आणि खालची नळी अजून नीट उघडत नसेल, तर वरच्या नरसाळ्यात काही काळ ते साठून राहते. पुढे नळी सरळ व रुंद होते आणि साठलेले वाहून जाते. शंभर गर्भारपणांपैकी एक ते पाचमध्ये ही रुंदी सोनोग्राफीत दिसते, म्हणजे तुमच्या तालुक्याच्या गावातसुद्धा या महिन्यात हाच रिपोर्ट हातात घेतलेल्या आणखी काही आया असतील. अनेक अभ्यास एकत्र करून २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात सौम्य गटातल्या सुमारे १२ टक्के मुलांमध्ये जन्मानंतर मूत्रमार्गाचा काही दोष आढळला होता. मध्यम गटात हे प्रमाण सुमारे ४५ टक्के आणि तीव्र गटात सुमारे ८८ टक्के होते. सौम्य गटातल्या त्या १२ टक्क्यांमध्येही शस्त्रक्रियेपर्यंत जावे लागणारी मुले थोडीच असतात.

तुमच्या रिपोर्टमध्ये आकड्याइतक्याच महत्त्वाच्या काही ओळी आहेत, त्या शोधून वाचा. दोन्ही मूत्रपिंडे जागच्या जागी दिसतात का, नरसाळ्याला जोडलेल्या छोट्या वाट्या, ज्यांना कॅलिसेस म्हणतात, त्याही फुगल्या आहेत का, मूत्रपिंडाचा गर नेहमीच्या जाडीचा आहे का, मूत्रवाहिनी दिसते का (निरोगी मूत्रवाहिनी सोनोग्राफीत सहसा दिसतच नाही) आणि मूत्राशय भरून रिकामे होते का, हे सर्व तेथे नोंदलेले असते. सर्वांत महत्त्वाची ओळ गर्भजलाची. साधारण सोळाव्या आठवड्यानंतर गर्भजल म्हणजे मुख्यतः बाळाची लघवीच असते. ते पुरेसे आहे याचा अर्थ मूत्रपिंडे काम करत आहेत आणि वाट मोकळी आहे. डॉक्टर ‘बाकी सर्व ठीक आहे’ म्हणाले, त्या चार शब्दांत हे सर्व आले होते. त्यांनी आणखी पाच मिनिटे दिली असती तर तुमची रात्र अशी गेली नसती, हे मात्र मला मान्य आहे.

चार आठवड्यांनी पुन्हा पाहायला हरकत नाही, पण खरी उपयोगाची सोनोग्राफी बत्तिसाव्या आठवड्याच्या सुमाराची. तोपर्यंत दर आठवड्याला सोनोग्राफी करून घेण्याने काहीही साधणार नाही. आणि त्या बत्तिसाव्या आठवड्यात सर्व आटोक्यात दिसले, तरी जन्मानंतर बाळाची सोनोग्राफी करायची की नाही हे त्याच वेळी डॉक्टरांकडून लिहून घ्या. हा मुद्दा मी पुढे कोल्हापूरच्या पत्राच्या उत्तरात अधिक सविस्तर मांडला आहे, तो जरूर वाचा.

प्रश्न : माझ्या पत्नीला एकविसावा आठवडा चालू आहे. दोन्ही किडन्या साडेचार मिलिमीटर आहेत आणि रिपोर्टच्या शेवटी ‘सॉफ्ट मार्कर’ असा शब्द आहे. हे डाउन सिंड्रोमचे लक्षण असते असे एका नातेवाइकाने सांगितले. तिसऱ्या महिन्यात एनटी स्कॅन आणि डबल मार्कर दोन्ही केले होते, त्यात धोका कमी असल्याचे आले होते. आता सुईने पाणी काढून तपासावे का? (पुणे)

उत्तर : नातेवाइकांचे म्हणणे अर्धे खरे आहे. डाउन सिंड्रोम असलेल्या बाळांमध्ये मूत्रपिंडाचे नरसाळे रुंद दिसण्याचे प्रमाण थोडे अधिक असते, म्हणून त्याची गणना ‘सॉफ्ट मार्कर’ म्हणजे अस्पष्ट खुणांमध्ये होते. परंतु ज्यांचे नरसाळे असे रुंद दिसते, त्यांतली बहुसंख्य बाळे गुणसूत्रांच्या दृष्टीने पूर्णपणे निरोगी असतात. ही एकच खूण असेल, हृदय, नाकाचे हाड, मानेमागची जाडी, मांडीच्या हाडाची लांबी हे सर्व योग्य असेल आणि आधीच्या चाचण्यांत धोका कमी आला असेल, तर त्या कमी धोक्यात या एका खुणेने फारशी भर पडत नाही.

अशा परिस्थितीत गर्भजल काढण्याची तपासणी सुचवली जात नाही, कारण त्या सुईमुळे गर्भपात होण्याची थोडी का होईना शक्यता असते. मनातली शंका जात नसेल, तर आईच्या रक्तावरून होणाऱ्या एनआयपीटी चाचणीविषयी तुमच्या डॉक्टरांशी बोला. ती चाळणी चाचणी आहे, पक्के निदान नव्हे, आणि खर्चिकही आहे. तुमच्या बाबतीत ती आवश्यक आहे असे मला वाटत नाही. आधीच्या चाचण्या झालेल्याच नसत्या किंवा दुसरीही एखादी खूण सोबत असती, तर माझे उत्तर वेगळे असते आणि गर्भवैद्यक तज्ज्ञांचा सल्ला घ्या असे मी आवर्जून लिहिले असते.

या सौम्य, एकट्या दोषासाठी गर्भ ठेवायचा की नाही, अशी चर्चा काही घरांत सुरू होते, असे इतर दोन पत्रांवरून दिसले. अशा निर्णयाला वैद्यकीयदृष्ट्या कोणताही आधार नाही, हे मी येथे अगदी स्पष्टपणे लिहून ठेवते.

प्रश्न : मुलगा असेल तर किडनीचा दोष गंभीर असू शकतो, असे वाचले. मग उपचारासाठी तरी मुलगा आहे की मुलगी हे डॉक्टरांनी सांगायला नको का? (जालना)

उत्तर : तुम्ही वाचले ते खरे आहे. मूत्राशयाच्या खालच्या नळीत पडद्यासारखी झडप असण्याचा दोष, ज्याला पोस्टेरियर युरेथ्रल व्हॉल्व्ह म्हणतात, तो मुलग्यांनाच होतो आणि त्यावर जन्मानंतर लगेच उपचार करावे लागतात. नरसाळ्याची साधी रुंदीसुद्धा मुलग्यांमध्ये मुलींपेक्षा अधिक आढळते. तरीही तुम्हाला लिंग सांगण्याची वैद्यकीय गरज कोठेही निर्माण होत नाही. झडपेची शंका घ्यायची ती मूत्राशय सतत भरलेले आहे, त्याची भिंत जाड झाली आहे, दोन्ही बाजूंची मूत्रपिंडे व मूत्रवाहिन्या फुगल्या आहेत आणि गर्भजल कमी होत आहे, या चिन्हांवरून. ती दिसली की डॉक्टर त्याप्रमाणे पावले उचलतात, आणि त्यासाठी घरच्यांना लिंग ठाऊक असण्याची आवश्यकता नसते. १९९४ च्या कायद्यानुसार लिंग सांगणे हा गुन्हा आहे, आणि ते विचारणेही. मुली गर्भातच मारल्या गेल्याचा आपल्या राज्यातल्या कित्येक तालुक्यांचा अनुभव फार जुना नाही. किडनीचे निमित्त करून हा प्रश्न सोनोग्राफीच्या खोलीत विचारू नका, अशी माझी तुम्हाला मनापासून विनंती आहे.

प्रश्न : माझ्या खाण्यापिण्यातून हे झाले का? सासूबाई म्हणतात, पाणी कमी प्यावे म्हणजे बाळाच्या किडनीत पाणी साठणार नाही. शेजारच्या काकूंनी गोखरूचा काढा दिला आहे. (सांगली)

उत्तर : तुमच्या खाण्यापिण्यातून, प्रवासातून, ग्रहण पाहण्यातून किंवा न पाहण्यातून हे झालेले नाही. पाणी कमी करू नका, त्याने बाळाची रुंदी घटत नाही आणि तुम्हाला मात्र लघवीचा संसर्ग होऊ शकतो. काढा बंद करा. गर्भातल्या बाळाचे नरसाळे आकसून घेणारे औषध ॲलोपॅथीतही नाही आणि आयुर्वेदाच्या नावाने घरोघरी उकळल्या जाणाऱ्या काढ्यांतही नाही.

प्रश्न : माझी मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली आहे. सातव्या महिन्यात बाळाच्या उजव्या किडनीला ८ मिलिमीटर सूज सांगितली होती. नातू झाला, वजन तीन किलो आहे, दूध छान पितो. जन्माच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सोनोग्राफी केली, ती नॉर्मल आली. तरी डॉक्टरांनी दीड महिन्याने पुन्हा करायला सांगितली आहे. बाळ एवढे चांगले असताना पुन्हा कशाला? शिवाय आमच्याकडे सव्वा महिना झाल्याशिवाय बाळाला घराबाहेर काढत नाहीत. (कोल्हापूर)

उत्तर : नातवाचे अभिनंदन. आणि या प्रश्नासाठी तुमचे विशेष आभार, कारण या सदरात मला जे सर्वांत कळकळीने सांगायचे आहे ते या उत्तरातच येणार आहे.

जन्मानंतरचे पहिले एक-दोन दिवस आईचे दूध थोडे थोडे येत असते, बाळाच्या अंगातले पाणी कमी असते आणि लघवीही थोडी तयार होते. ज्या नरसाळ्यात पाणीच कमी येते ते रुंद असूनही अरुंद दिसते. म्हणून पहिल्या ४८ तासांत झालेली सोनोग्राफी नॉर्मल आली तरी तिच्यावर विसंबता येत नाही. सौम्य रुंदीच्या बाळांची पहिली सोनोग्राफी दोन दिवस उलटल्यावर, पहिल्या आठवड्यात करावी आणि ती नॉर्मल असली तरी चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा करावी, असे भारतातल्या बालमूत्रपिंडविकार तज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१३ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही म्हटले आहे. मूत्रवाहिनीच्या जोडापाशी असलेला अडथळा पहिल्या आठवड्यात लपून राहतो आणि दीड महिन्याच्या सोनोग्राफीत उघड होतो, असे आम्ही पाहतो. या दोन्ही सोनोग्राफी नॉर्मल आल्या, तर मात्र बहुतेक बाळांना पुढे काहीही करावे लागत नाही.

आता सव्वा महिन्याविषयी. ओली बाळंतीण आणि तान्हे बाळ यांना गर्दीपासून जपण्याची ही रीत मला मोडायला सांगायची नाही, कारण तिच्यामागे शहाणपण आहे. मी एवढेच सुचवते की बाळाच्या दीड महिन्याच्या डोसची तारीख लसीकरण कार्डावर लिहिलेली असतेच. पेंटाव्हॅलंट, पोलिओ, रोटाव्हायरस हे डोस सहा आठवड्यांनी देतात, आणि नेमकी तीच वेळ सोनोग्राफीची आहे. तोपर्यंत सव्वा महिनाही संपलेला असतो. त्याच कार्डावर, त्या तारखेसमोर, पेनने ‘किडनीची सोनोग्राफी’ असे आजच लिहून ठेवा. सोनोग्राफी जन्मलेल्या बाळाचीही पोटावर जेल लावून, सुई न टोचता, दूध पाजून शांत झाल्यावर दहा मिनिटांत होते.

मी एवढ्या आग्रहाने का लिहिते, त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी चार वर्षांच्या एका मुलाला पोटदुखी आणि ताप यांसाठी माझ्याकडे आणले होते. तपासणीत त्याचे उजवे मूत्रपिंड फुगून पातळ पापुद्र्यासारखे झालेले दिसले आणि दोन्ही मूत्रपिंडांच्या एकूण कामातला त्याचा वाटा केवळ १८ टक्के उरला होता. एरवी तो निम्मा असतो. आजी माहेरची फाईल घेऊन आल्या. प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला, कडा पिवळ्या पडलेला विसाव्या आठवड्याचा रिपोर्ट तिच्यात होता आणि त्याच्या शेवटच्या ओळीत, जन्मानंतर बाळाची सोनोग्राफी करावी, असे लिहिलेले होते. गरोदरपणातल्या तपासण्या सासरच्या गावी झाल्या, बाळंतपण माहेरी झाले, बाळ गुटगुटीत निघाले आणि फाईल कपाटात राहिली. त्या आईने मला विचारले, ‘मॅडम, तेव्हाच आणले असते तर?’ तिला मी काय उत्तर दिले ते मला आठवत नाही, पण तिचा हात त्या कागदावरच होता, हे आठवते.

आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होते आणि कागद दोन घरांत विभागले जातात. त्यामुळे माझी विनंती तुम्हा आजींनाच आहे की मुलीची सासरची फाईल मागवून घ्या आणि बाळ परत सासरी जाईल तेव्हा जन्मानंतरचे रिपोर्ट त्याच फाईलमध्ये घालून सोबत द्या.

दरम्यान तुम्हाला घरी लक्ष ठेवायचे आहे ते दोन गोष्टींवर. नातवाच्या लघवीची धार कमानीसारखी पडते का ते पाहा. ती थेंबथेंब येत असेल किंवा तो कुंथत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. लघवीआधी थोडे रडणे मात्र बहुतेक तान्ह्यांमध्ये असते, त्याला घाबरू नका. दुसरे म्हणजे ताप. तीन महिन्यांच्या आतल्या कोणत्याही बाळाला ताप आला तर तातडीने दाखवायचेच असते. नातवाच्या बाबतीत गर्भातल्या रिपोर्टची माहिती डॉक्टरांना सांगा आणि प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी लघवीची कल्चर तपासणी करायला सांगा. बाळ दूध सोडते, मलूल होते, उलट्या करते, तेव्हाही लघवीचा संसर्ग डोक्यात असू द्यावा. आणि लघवी मोकळी व्हावी म्हणून चमच्याने पाणी किंवा गुटी देऊ नका. सहा महिने त्याला आईच्या दुधाशिवाय काहीही लागत नाही, त्या दुधात हवे तेवढे पाणी असते.

प्रश्न : आमची मुलगी दीड महिन्याची आहे. सोनोग्राफीत डावी किडनी १२ मिलिमीटर आली. एक डॉक्टर म्हणतात एमसीयू आणि डीटीपीए स्कॅन करा, दुसरे म्हणतात तीन महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी करू. एवढ्याशा जिवाला नळी घालायची कल्पनाच सहन होत नाही. (नाशिक)

उत्तर : दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी चुकीचे नाहीत. जन्मानंतर १० मिलिमीटरच्या पुढे रुंदी गेली की ती सौम्य या शब्दाच्या काठावर येते आणि पुढच्या तपासण्या कोणाच्या करायच्या, याबाबत तज्ज्ञांमध्ये खरोखरच मतभेद आहेत. भारतीय मार्गदर्शक तत्त्वे १० मिलिमीटरच्या वर एमसीयू सुचवतात. इतरत्र अनेक तज्ज्ञ आता, मूत्रवाहिनी फुगलेली असेल, मूत्राशय जाड असेल किंवा तापासह लघवीचा संसर्ग होऊन गेला असेल, तरच ती करतात.

एमसीयूमध्ये लघवीच्या जागेतून बारीक नळी घालून मूत्राशयात औषध भरतात आणि बाळ लघवी करत असताना एक्स-रे घेतात. लघवी उलटी वर चढते का, हे त्यातून समजते. बाळ रडते, पण तपासणी थोड्या मिनिटांची असते, नळी लगेच काढतात आणि संसर्ग टाळण्यासाठी आधी व नंतर औषध देतात. डीटीपीए किंवा ईसी स्कॅनचे काम वेगळे आहे. त्यात शिरेतून अल्प किरणोत्सारी द्रव्य आणि लघवी वाढवणारे इंजेक्शन देऊन प्रत्येक मूत्रपिंड किती काम करते आणि लघवी किती वेगाने खाली उतरते हे मोजतात. हा स्कॅन बाळ सहा आठवड्यांचे होण्याआधी केला तर अपरिपक्व मूत्रपिंडामुळे फसवे उत्तर येऊ शकते. तुमच्या मुलीचे वय आता त्याच्या उंबरठ्यावर आहे.

तुम्ही दोन्ही डॉक्टरांना एकच गोष्ट विचारा. मूत्रवाहिनी दिसते का, वाट्या फुगल्या आहेत का आणि गर पातळ झाला आहे का? तिन्हींचे उत्तर नाही असेल आणि मुलीला एकदाही संसर्ग झाला नसेल, तर थांबून पुन्हा सोनोग्राफी करणे मला योग्य वाटते. एकाचेही उत्तर होय असेल, तर तपासण्या टाळू नका. आणि त्यातून अडथळा सिद्ध झालाच, तरी लगेच शस्त्रक्रिया होते असे नाही. मूत्रपिंडाचे काम घटत असेल किंवा फुगवटा वाढत असेल तर जोडाचा अरुंद भाग काढून नळी पुन्हा जोडतात. पायलोप्लास्टी नावाची ही शस्त्रक्रिया जुनी, सरावाची आहे आणि अनुभवी हातांत शंभरातल्या नव्वदहून अधिक मुलांमध्ये ती यशस्वी होते.

प्रश्न : एकतिसावा आठवडा आहे. दोन्ही किडन्या १४ आणि १५ मिलिमीटर, मूत्राशय मोठे, आणि पाणी कमी असे लिहिले आहे. गावातल्या डॉक्टरांनी मोठ्या ठिकाणी जायला सांगितले, पण पुढच्या महिन्यात जाऊ म्हणतो. (लातूर जिल्हा)

उत्तर : पुढच्या महिन्यापर्यंत थांबू नका. हे पत्र छापून येण्याची वाट न पाहता तुम्हाला वेगळे उत्तर पाठवले आहे, पण इतर वाचकांसाठी येथेही देते. दोन्ही बाजूंची एवढी रुंदी, न रिकामे होणारे मूत्राशय आणि कमी गर्भजल या तिन्ही गोष्टी एकत्र येतात, तेव्हा तो वर लिहिलेला सौम्य प्रकार राहत नाही. खाली वाट अडली असण्याची शक्यता असते आणि गर्भजल कमी झाले की बाळाच्या फुप्फुसांच्या वाढीवरही परिणाम होऊ शकतो. गर्भवैद्यक तज्ज्ञ, नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग आणि बालशल्यचिकित्सक एकाच ठिकाणी मिळतील अशा रुग्णालयात याच आठवड्यात नाव नोंदवा आणि बाळंतपणही तेथेच होऊ द्या. संभाजीनगर, पुणे, मुंबई येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये त्यासाठी आहेत. सर्व जुने रिपोर्ट सोबत न्या. अशा बाळाची पहिली सोनोग्राफी दोन दिवस थांबून नव्हे, तर जन्मानंतर पहिल्या २४ ते ४८ तासांतच करावी लागते.

प्रश्न : माझ्या रिपोर्टमध्ये उजव्या किडनीला सूज लिहिली आहे. आता ही किडनी माझी की बाळाची, हेच मला समजत नाही. (पणजी)

उत्तर : हा प्रश्न वाटतो तितका विचित्र नाही, कारण हीच गल्लत होऊन घाबरलेल्या स्त्रिया माझ्याकडे येतात. वाढत्या गर्भाशयाचा दाब आणि गरोदरपणातली संप्रेरके यांमुळे आईची स्वतःची मूत्रपिंडेही, विशेषतः उजवे, थोडी फुगतात. हे बहुतेक गरोदर स्त्रियांमध्ये होते आणि बाळंतपणानंतर काही आठवड्यांत पूर्ववत होते. कंबरेत तीव्र कळ, थंडी वाजून ताप किंवा लघवीला जळजळ असेल तरच त्याकडे वेगळे लक्ष द्यावे लागते. रिपोर्टमध्ये त्या ओळीच्या आधी ‘मॅटर्नल’ किंवा ‘मदर्स’ असा शब्द असेल तर मूत्रपिंड तुमचे, ‘फीटल’ असेल तर बाळाचे. दोन्ही शब्द नसतील, तर सोनोग्राफी केलेल्या डॉक्टरांना उद्याच फोन करून विचारा आणि दुरुस्त केलेला रिपोर्ट लेखी मागून घ्या.